झेड दिसत न्हाई

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचत जातात. दुपारी डबे उघडले की एकजण एक सांगतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि हातातली भाकरी तशीच वाळून जाते. नांदेडच्या ज्या खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते, तिथं डॉक्टरांकडं पेशंटचे किस्से असतात आणि नर्सताईंकडं नातेवाइकांचे. आमच्याकडं एकाच वस्तूचे आहेत. जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात डिस्कांचा एक डबा. सीटी स्कॅन, एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट, सगळं त्यात. दवाखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो डबा ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या डिस्कसारखा दिसतो. तिथं त्याचं नाव झेड. आमची लातूरची शाखासुद्धा याच झेडवर सगळं ठेवते.

फोन वाजला आणि पलीकडून "ताई, झेड दिसत न्हाई" एवढं आलं की मी हातातला घास खाली ठेवते. इतकी वर्षं झाली, तरी ठेवते. डबा खाताना आम्ही हे सांगून हसतो खरं, पण घडत होतं तेव्हा कुणी हसलेलं मला आठवत नाही.

*

मी मूळची हदगावची. इथं लागले तेव्हा माझ्या वरचे होते बसवराज अण्णा, उदगीरचे. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि बोलणं एकदम कमी. माझा पहिलाच आठवडा चालू होता, तेवढ्यात सीटी स्कॅनच्या खोलीतून शबाना आपांचा फोन आला. आपा ते मशीन चालवतात. कितीही लागलेला, रक्तबंबाळ पेशंट आला तरी त्यांचा आवाज चढत नाही. त्या दिवशी मात्र तो कापत होता.

"बेटा, सीटीचं फोल्डरच गायब हाय. सकाळी तर होतं."

मी झेड उघडला. एक्स-रे होतं, सोनोग्राफी होती. सीटी नव्हतं. किती माणसांची डोकी, छात्या, पोटं त्यात होती, आणि जागेवर काही म्हणजे काहीच नाही. नोकरीचा पहिला आठवडा, म्हटलं, आपल्याच हातून काही झालं.

अण्णांनी आधी सगळ्या विभागांना फोन लावले. "माउसवरचा हात काढा. नवीन काही ठेवू नका, जुनं काही उघडू नका." फोल्डर पुसलं गेलं असेल तर त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाऊ नये, म्हणून. मग ते खुर्चीवर बसले आणि सीटीचा शोध सुरू केला. पडद्यावर ती हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. मी त्यांच्या खुर्चीला धरून उभी होते.

फोल्डर सापडलं. ते 'भाचीची शादी' नावाच्या दुसऱ्या फोल्डरच्या आत होतं. आपांनी भाचीच्या लग्नाचे फोटो झेडवर ठेवले होते. दुपारी ते बघताना माउस घसरला आणि अख्खं सीटी उचललं जाऊन लग्नात पडलं.

आपा खाली आल्या. पडद्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, आता शादी काढून टाकू का?"

अण्णा म्हणाले, "राहू द्या आपा. फक्त आमंत्रण न्हाई त्याला आत घेऊ नका."

*

त्या डब्यात डिस्का शेजारीशेजारी बसवलेल्या असतात. त्यातली एक बिघडली तर बाकीच्या मिळून सगळं सांभाळतात. दोन बिघडल्या तर काहीच उरत नाही. तर एक बिघडली. पडद्यावर आलं, 'डिस्क तीन काढा.' तिच्यावरचा दिवा लाल व्हायला पाहिजे होता, पण तो दिवाच लागत नव्हता.

आम्ही नवीन डिस्क घेऊन कपाटासमोर उभे राहिलो. अण्णांनी डिस्का मोजायला बोट उचललं आणि तिथंच थांबले.

"ताई, तीन म्हणजे एकापासून का शून्यापासून?"

कॉम्प्युटरवाले लोक शून्यापासून मोजतात. पण डब्यावर कुणीतरी चिकटवलेल्या चिठ्ठ्या एकापासून होत्या. एकापासून धरलं तर तिसरी, शून्यापासून धरलं तर चौथी. चुकून चांगली बाहेर आली तर एक बिघडलेली आणि एक काढलेली, म्हणजे दोन. आमच्याकडं दुसरी कॉपी होती, पण ती परत भरायला कितीतरी दिवस लागले असते. आणि वर आयसीयू भरलेलं होतं.

अण्णांनी डबा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "बहुतेक शून्यापासून."

"बहुतेक म्हणजे?" अण्णांनी विचारलं. तिकडून तोच शब्द परत आला.

अण्णांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले, ओठ हलवले. हात पुढं नेला. चौथ्या डिस्कच्या कडीला बोट लावलं. परत घेतलं.

"ताई, तुम्ही ओढा."

"मी का?"

"तुमचं वय लहान हाय. तुमची नोकरी गेली तर दुसरी मिळंल. मला आता कोण घेतंय?"

आणि ते बाजूला झाले. मी ओढली. पडद्याकडं बघायची माझी हिंमत होईना. अण्णांनीच वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग भिंतीला पाठ लावून खाली बसले. चौथीच होती. मला वाटलं आता शाबासकी देतील. म्हणाले, "पाणी आना."

*

आमचे प्रशासक मोरे सर आधी एका शाळेचे हेडमास्तर होते. टापटिपीचा मोठा सोस. व्हरांड्यात चप्पल वाकडी दिसली तरी सरळ करून पुढं जाणार.

उन्हाळ्यातली दुपार होती. एकदम सगळे फोन वाजायला लागले. झेड दिसत न्हाई, झेड दिसत न्हाई. कॉम्प्युटर चालू होते पण गोठल्यासारखे, नुसतं ते गोल चक्र फिरतंय. आणि नेमकं तेव्हा उमरी रोडवर गाडी घसरलेला एक पोरगा आणला होता. डोक्याला मार, बेशुद्ध. आपांनी स्कॅन काढलं होतं, पण चित्रं खालून वर चिद्रवार मॅडमपर्यंत पोचत नव्हती. चिद्रवार मॅडम म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर. त्यांच्या रिपोर्टशिवाय सर्जन डोक्याला हात लावणार नव्हते.

मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, सकाळी एकदा वर चढल्या की संध्याकाळपर्यंत त्या जिना उतरत नसत. त्या दिवशी कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत त्या खाली आल्या.

"मी आपांच्या मशीनवरच बघते आणि सर्जनला फोनवर सांगते," त्या म्हणाल्या. "पण पुढचा पेशंट यायच्या आत तुमचं नीट करा."

डबा ठीक होता. पण वायरी जिथं एकत्र येतात त्या पेटीवरचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे फडफडत होते. अण्णा म्हणाले, "कुठंतरी गोल झालाय. जे आत गेलं ते बाहेर पडतच न्हाई, तिथंच फिरतंय." मग त्यांनी खालचा मजला घेतला आणि मी वरचा. दिसेल ती पेटी उघडायची, एकेक वायर काढून बघायची.

वरच्या व्हरांड्यात त्या पोराचा मोठा भाऊ उभा होता. शर्टाला रक्त. माझ्या गळ्यात दवाखान्याचं कार्ड बघून तो जवळ आला.

"ताई, माझ्या भावाचं काय?"

माझ्या हातात वायर होती. त्याला काय सांगणार? मला काही माहीत नाही म्हटलं असतं तर तो कोसळला असता, आणि होईल नीट म्हणायचा मला काय अधिकार? मी म्हटलं, "डॉक्टर बघून राहिल्यात." त्यानं मान हलवली आणि भिंतीवरच्या पेटीला टेकून उभा राहिला. मी त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि ती पेटी उघडली. एका वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत खोचलेली होती. मी एक टोक उपटलं. खालून आपांचा आवाज आला, "आलं, आलं."

पोरगा वाचला. महिन्याभरानं भावाच्या मागं मोटारसायकलवर बसून टाके दाखवायला आला.

ते टोक कुणी खोचलं, ते मोरे सरांनी स्वतःहून सांगितलं. "लोंबकळत होती हो," ते म्हणाले. "बरं दिसत नव्हतं."

*

मोरे सरांचाच आणखी एक. आपांचा फोन आला की एक रिपोर्ट उघडत नाही. मी झेडवर बघितलं तर फायलीच्या नावामागं काहीतरी अक्षरं लागली होती, कुठल्याच भाषेतली नाहीत अशी. म्हटलं एखादी बिघडली असेल. शेजारचीही तशीच होती. मी रिफ्रेश केलं. आता पाच. पुन्हा केलं. अख्खं फोल्डर. माझ्या डोळ्यांसमोर नावं बदलत चालली होती, कुणीतरी ओळीनं घरांना कुलपं लावत निघाल्यासारखी.

"अण्णा," मी म्हटलं.

अण्णा मागून डोकावले आणि धावले. त्यांना धावताना मी तोवर बघितलं नव्हतं. कपाटामागच्या वायरींचा झुबका त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा एकदम उपटला. एक नख उलटं झालं. त्यांना ते नंतर कळलं.

दवाखाना वर चालू होता, पण आता कुणालाच काही दिसत नव्हतं. शेवटची फाईल कुणी बदलली ते बघितलं तर नाव मोरे सरांचं. मी वर पळाले. सर चष्मा पुसत बसले होते आणि समोर पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, तुमच्या सगळ्या फायली आम्ही बंद केल्या आहेत, पैसे भरा तर उघडू.

परत आले तर अण्णा पिशवी उलटी करत होते. झेडची कॉपी ते दर आठवड्याला एका वेगळ्या डिस्कवर घेत आणि ती घरी नेत. ती डिस्क त्या दिवशी घरी होती की इथं जोडलेली होती, तेच त्यांना आठवेना. जोडलेली असेल तर तिलाही कुलूप. पिशवीत नव्हती, टेबलावर नव्हती, कपाटामागं नव्हती. शेवटी मीच अण्णांच्या घरी वहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, अण्णांची काळी डिस्क घरी हाय का?"

"थांबा, बघते." बराच वेळ भांड्यांचे आवाज. मग, "हाव, हाय की. देवघरात ठेवलीया."

अण्णा टेबलावर डोकं टेकून रडले. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

कॉपी भरायला तीन दिवस गेले. त्या कॉपीनंतरच्या दिवसांचं स्कॅन आपांच्या मशीनमध्ये अजून होतं, ते तिथून घेतलं. काही सोनोग्राफ्या गेल्या त्या गेल्याच. ते पेशंट परत बोलवावे लागले.

हे कसं झालं, तर मोरे सरांना मेल आली होती की तुमचं पार्सल अडकलंय, सोबतचं उघडा. सगळं जागेवर आलं त्या संध्याकाळी सर आमच्या खोलीत आले. खुर्चीवर बसले. चष्मा काढून हातात धरला. आम्हाला वाटलं माफी मागतील.

"बसवराज, एक विचारू?"

"विचारा सर."

"मग ते पार्सल येणारच न्हाई का?"

*

चिद्रवार मॅडमना काम असलं की त्या फोन करायच्या. एकदा त्यांनी मला आणि अण्णांना वर बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. आपा आधीच तिथं बसलेल्या होत्या.

"हे पोट कुणाचं आहे?" मॅडमनी पडद्याकडं बोट केलं.

मी नाव वाचलं. मन्मथप्पा, निलंग्याकडचे. स्कॅन आमच्या लातूरच्या शाखेत झालेलं. मुतखड्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडं ऑपरेशन.

मॅडम म्हणाल्या, "यांना गर्भाशय आहे."

ऐकायला विनोद वाटतो. त्या खोलीत तो विनोद नव्हता.

अण्णांनी तिथंच बसून शोधलं. लातूरचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं आणि दुरुस्तीनंतर त्याचे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते. झेडवर त्या नंबरांची जुनी फोल्डरं होतीच. नवीन पेशंटचं नाव वर लागत होतं, आत चित्रं मात्र जुन्याच पेशंटची राहत होती.

मन्मथप्पा खाली बाकावर बसले होते. धोतर, फेटा, शेजारी मुलगा. अण्णांना बघून उठायला लागले. उदगीर-निलंग्याकडची माणसं कानडी सहज बोलतात. अण्णा म्हणाले, "कूडरी अज्जा, कूडरी." बसा आजोबा, बसा. मग त्यांच्याजवळ बसून सांगितलं की तपासणी पुन्हा एकदा करायची आहे.

"का?" अज्जांनी विचारलं. "पहिली डॉक्टरीणबाईला पसंत पडली न्हाई का?"

मुलगा हसला. अण्णाही हसले, पण त्यांनी अज्जांचा हात धरलेला होता तो सोडला नाही.

नवीन स्कॅन आलं. झेडवरच्या त्या बाईचा खडा उजव्या बाजूला होता. अज्जांचा डाव्या.

सगळं तपासून होईपर्यंत लातूरचं झेडवर लिहिणं आम्ही बंद ठेवलं आणि एकेक फोल्डर उघडून बघितलं. मॅडम, आपा, अण्णा, मी. ते करताना मॅडम एकदाच बोलल्या.

"ती बाई होती म्हणून मला कळलं. पुरुष असता तर?"

आपांनी उठून पंखा मोठा केला.

*

रेखा आमच्या रिसेप्शनवर बसते. पेशंटला रिपोर्ट छापून द्यायचे असतात म्हणून रिसेप्शनवाल्यांना झेडवरचे सगळे रिपोर्ट उघडता येतात. ते तसंच लागतं.

रेखाच्या छातीत गाठ लागली. आमच्याच दवाखान्यात तपासलं, तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी चिद्रवार मॅडम लातूरला होत्या, संध्याकाळी येऊन त्याच तिला सांगणार होत्या. रिपोर्ट मात्र दुपारपासून कधीही झेडवर पडला असता.

सकाळीच रेखा जिन्याखाली आली आणि दारात उभी राहिली.

"ताई, एक काम हाय. माझं फोल्डर मला दिसायला नको."

"म्हणजे?"

"बंद करा ते, मला उघडायला येऊ नये असं. मला राहवणार न्हाई, मी उघडीन. त्यातलं मला सगळं कळणार न्हाई, एखादाच शब्द कळंल, आणि तेवढ्या एका शब्दावर मी मरंन."

मी तिची परवानगी काढली. तिनं आमच्याच मशीनवर स्वतःचा पासवर्ड टाकून बघितलं. पडद्यावर आलं, तुम्हाला परवानगी नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं.

"बरं हाय," ती म्हणाली आणि वर गेली.

पण मला दिसत होतं. दुपारी फाईल येऊन पडली. मी उघडली नाही, नुसतं नाव बघितलं. आता चहाला जायचं तर रिसेप्शनवरूनच जावं लागणार. ती माझ्या तोंडाकडं बघणार. मी गेलेच नाही. अण्णांनी दोनदा विचारलं, मग काय ते त्यांच्या लक्षात आलं.

"सरका," ते म्हणाले. मला उठवून त्यांनी त्या फोल्डरची माझी परवानगी काढली. मग स्वतःचीही काढली. आता ते फक्त मॅडमना उघडणार होतं. "आता जा चहाला."

मी गेले. रेखानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघू शकले.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि त्यांनी रेखाला आत बोलावलं. आम्ही खाली बसून राहिलो. काम काही नव्हतं, पण कुणी निघेना. थोड्या वेळानं आपा आल्या, त्यांची ड्यूटी संपलेली होती. स्टुलावर बसल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

जिन्यावर पावलं वाजली. रेखा दारात आली. तोंड धुतलेलं होतं, केस ओले, डोळे लाल. तिच्या तोंडावरून काहीच कळेना. आपा उभ्या राहिल्या.

"आता उघडा," रेखा म्हणाली.

अण्णांनी तिची परवानगी परत दिली. तिनं खुर्ची ओढली, पासवर्ड टाकला, फोल्डर उघडलं. दोन पानं इंग्रजी. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेका ओळीवरून सावकाश खाली नेलं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. मग ती माझ्याकडं वळली.

"ताई, कुठं लिहिलंय?"

"काय?"

"मॅडम म्हणाल्या ते. गाठीत काय न्हाई म्हणून."